मोबाइलच्या फोटोची पीडीएफ: कागदपत्रे अपलोड करण्याआधी एवढे पाहून घ्या

दहावीचा निकाल लागला की बुलडाणा, चिखली, मलकापूर, खामगाव, सगळीकडे झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्यामुळे पूर्वी गावातल्याच ज्युनिअर कॉलेजात हाताने फॉर्म भरणारे आपले पोरंही आता पोर्टलवर आले. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आहे, दाखल्यांसाठी आपले सरकार आहे. मशीद, कब्रस्तान, दर्ग्याच्या मुतवल्लींना ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या उम्मीद पोर्टलवर वक्फ मालमत्तेचा तपशील भरावा लागला आणि त्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत दिली होती. या सगळ्या ठिकाणी शेवटी एकच बटण येते: फाइल निवडा. आणि बऱ्याच घरांत अडचण तिथेच सुरू होते, कारण कागद हातात असतो, मोबाइलमध्ये त्याचा फोटो असतो, आणि पोर्टल मागते पीडीएफ.

टीसी खरी, मार्क्सही चांगले, पण अपलोड केलेला फोटो वाचता येत नाही म्हणून अर्ज परत आलेला आम्ही शाळेत वारंवार पाहतो. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. म्हणून हे काम नीट समजून, शक्यतो घरच्या मोबाइलवरच कसे करायचे ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

फोटो वेगळा, पीडीएफ वेगळी

मोबाइलचा फोटो साधारणपणे जेपीजी प्रकारचा असतो. तो म्हणजे लाखो रंगीत ठिपक्यांची जाळी. त्या फोटोला कागदाचे माप माहीत नसते, पान पहिले की दुसरे हेही माहीत नसते. पीडीएफला ते माहीत असते. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचे पान, त्यावर मजकूर कुठे, चित्र कुठे, पाने किती, कोणत्या क्रमाने, हे सगळे त्या फाइलमध्ये पक्के बांधलेले असते. म्हणून ती बुलडाण्यात उघडा की मुंबईत, मोबाइलवर की ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर, पान तसेच दिसते. हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. आज जगभरातली सरकारी कार्यालये कागदपत्रांसाठी तोच वापरतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. फोटोची पीडीएफ केली म्हणजे फोटो सुधारत नाही. पीडीएफ हे पाकीट आहे. आत धुसर फोटो घातला तर धुसर पीडीएफच निघते. त्यामुळे खरी मेहनत फोटो काढतानाच करायची असते.

कागदाचा फोटो कसा काढावा

पेटीतून काढलेला कागद आधी सरळ करा. घड्या पडलेला असेल तर रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा, इस्त्री फिरवू नका. मग दिवसा उजेडात, ओसरीत किंवा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असा तो सपाट जागेवर ठेवा. खाली गडद रंगाची चादर किंवा सतरंजी असावी. पांढऱ्या फरशीवर पांढरा कागद ठेवला की ॲपला कागदाची कड सापडत नाही.

मोबाइल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरा. तिरका धरला की वरची ओळ लहान आणि खालची मोठी दिसते. आपल्याच हाताची सावली कागदावर पडते, तेव्हा उजेडाकडे पाठ करून उभे राहू नका, उजेड बाजूने येऊ द्या. लॅमिनेशन केलेल्या टीसीवर फ्लॅश कधीच मारू नये, नेमका शिक्क्यावर पांढरा डाग येतो. आणि बोटाने कागद धरलेला फोटो तर नकोच. लेकराचा अंगठा जन्मतारखेवर आलेला असतो!

लेन्स रुमालाने पुसून घ्या. खिशात राहून ती तेलकट होते आणि मग सगळी अक्षरे धुक्यात गेल्यासारखी येतात. निम्म्या धुसर फोटोंचे कारण एवढेच असते.

पीडीएफ करायची कुठे

त्यासाठी नवीन ॲप घ्यायची बहुतेकांना गरज नाही. अँड्रॉइड मोबाइलवर गुगल ड्राइव्ह आणि गुगलच्या फाइल्स या ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे. ते कागदाच्या कडा ओळखते, तिरकेपणा सरळ करते, एकामागून एक पाने जोडू देते आणि शेवटी थेट पीडीएफ देते. आयफोनवर नोट्स किंवा फाइल्समध्ये हीच सोय आहे. शक्यतो साध्या कॅमेऱ्याऐवजी या स्कॅनमधूनच फोटो काढा, अर्धे काम तिथेच होते.

फोटो आधीच काढलेला असेल तर तो गॅलरीत उघडून शेअर किंवा तीन टिंबांमध्ये प्रिंट हा पर्याय शोधा. प्रिंटरच्या यादीत 'सेव्ह ॲज पीडीएफ' असे येते. कागदाचे माप ए-फोर निवडा आणि सेव्ह करा. घरात प्रिंटर नसला तरी हे चालते. अनेक फोटो एकत्र निवडले तर त्यांची एकच पीडीएफ होते, मात्र ज्या क्रमाने निवडले त्याच क्रमाने पाने लागली का, ते बघून घ्या.

आयफोनवाल्यांसाठी एक सूचना. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात ठेवतो आणि बरीच पोर्टल ती फाइल घेतच नाहीत. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढचे फोटो जेपीजीमध्ये येतात.

मामूंनी पुण्याहून व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवला, तो सेव्ह करून पीडीएफ केली आणि अक्षरे फुटली, हे घरोघरी घडते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करते, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आणते. अख्ख्या पानाच्या बारीक अक्षरांना ते अपुरे पडते. पाठवणाऱ्याला सांगा की फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

केबी आणि एमबीचा हिशोब

१२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. पोर्टलची मर्यादा मात्र केबीमध्ये असते आणि १ एमबी म्हणजे १०२४ केबी. प्रत्येक पोर्टलची, कधी प्रत्येक कागदाची मर्यादा वेगळी असते. ती अपलोडच्या बटणाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेली असते, तीच पाहायची. गेल्या वर्षी कुणी सांगितलेला आकडा धरून बसायचे नाही. काही ठिकाणी कमीत कमी मर्यादाही असते. फाइल फारच लहान केली म्हणून अर्ज पुढे सरकत नाही आणि माणूस अजून लहान करत बसतो, असेही होते.

फाइल लहान करायची तर आधी फालतू भाग कापा. चादर, फरशी, टेबलाची कड यांचे ठिपके उगाच वजन वाढवतात. मग पिक्सेल कमी करा. ए-फोर पान इंचाला १५० ठिपक्यांनी घेतले तर १२४० बाय १७५४ पिक्सेल होतात आणि छापील अक्षर व्यवस्थित वाचता येते. जुना, हाताने लिहिलेला कागद असेल तर २०० ठिपके घ्या, म्हणजे १६५४ बाय २३३९. त्यापुढे पोर्टलसाठी गरज नाही. बऱ्याच स्कॅन ॲपमध्ये हे आकडे न लिहिता लहान, मध्यम, मोठी असे पर्याय असतात. मध्यमपासून सुरू करा, उघडून वाचा, मग ठरवा.

रंगीतऐवजी करड्या छटेत म्हणजे ग्रेस्केलमध्ये घेतले तरी वजन उतरते. शुद्ध काळ्या-पांढऱ्यात तर फारच उतरते, पण तिथे धोका आहे. शाळेचा गोल शिक्का फिकट जांभळा असतो, मुख्याध्यापकांची सही निळ्या पेनची. काळे-पांढरे करणारे फिल्टर असा फिकट रंग पांढरा समजून पुसून टाकते. मग समोरच्या कारकुनाला दिसते ते बिनशिक्क्याचे, बिनसहीचे कागद. शिक्का असलेल्या कागदाला ग्रेस्केल किंवा रंगीत, आणि नुसत्या छापील पानाला काळे-पांढरे, असा आमचा ठोकताळा आहे.

मर्यादा २५६ केबी आणि पाने तीन, असे धरा. म्हणजे एका पानाला जेमतेम ८५ केबी. अशा वेळी तिन्ही पाने रंगीत बसणार नाहीत. मार्कशीटची मागची बाजू, जिथे नुसते नियम छापलेले असतात, ती जोडायची गरज आहे का, हेही विचारा. पुष्कळदा नसते.

उर्दू कागदांचे वेगळे प्रश्न

हा भाग कोणत्याही सर्वसाधारण माहितीत सापडत नाही, आणि आपल्या घरांना त्याचीच गरज जास्त, म्हणून थोडे सविस्तर.

बागवान, मोमीन, मन्यार अशा ओबीसी यादीतल्या बिरादरींच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो असतो कुठे? दादांच्या उर्दू शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरमध्ये, किंवा कोतवाल बुकाच्या नकलेत. रजिस्टर साठ-सत्तर वर्षांचे, शाई तपकिरी पडलेली, लिपी नस्तालीक. या कागदावर स्कॅन ॲपचे 'एन्हान्स' किंवा 'डाग काढा' असले फिल्टर लावू नका. त्या फिल्टरला लहान ठिपका म्हणजे कचरा वाटतो, आणि उर्दूत तो नुक्ता असतो. खलील आणि जलील ही दोन नावे लिहिताना फरक फक्त एका नुक्त्याचा आहे, खलीलमध्ये तो पहिल्या अक्षराच्या वर, जलीलमध्ये पोटात. नुक्ता उडाला की आजोबांचे नावच बदलले. बे, पे, ते, से यांचेही तेच. मराठीतला अनुस्वारही असाच उडतो, पण तिथे वाचणारा अंदाजाने सावरून घेतो. उर्दू न येणाऱ्या कार्यालयात कोण सावरणार?

म्हणून जुन्या रजिस्टरचा फोटो रंगीत आणि फिल्टरशिवाय घ्या. पान मोठे असते, एका फोटोत सगळे घेतले तर नोंद बारीक होते. तेव्हा एक फोटो पूर्ण पानाचा, ज्यात वरचे रकान्यांचे मथळे दिसतील, आणि दुसरा फक्त त्या नोंदीच्या ओळीचा जवळून. दोन्ही एकाच पीडीएफमध्ये. हा फोटो मुख्याध्यापकांच्या परवानगीने, शाळेतच काढायचा. आणि पुरावा म्हणून चालतो तो त्यांच्या सही-शिक्क्याचा उतारा, हे विसरू नका. शिक्षकबांधवांनाही एक विनंती, रजिस्टर उघडताना मोबाइल घेऊन आलेल्या पालकाला टाळू नका, जाळीला आलेले पान पुढच्या वर्षी असेल की नाही सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न पानांच्या क्रमाचा. उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते. जुना निकाहनामा किंवा वक्फची जुनी दस्ताची वही स्कॅन करताना उर्दू न येणारा दुकानदार सवयीने डावीकडून सुरू करतो आणि शेवटचे पान पहिले होते. पीडीएफमध्ये पान क्रमांक एक म्हणजे जे वाचताना पहिले येते ते, मग पुस्तक कोणत्याही बाजूने उघडो. उघडलेल्या दोन पानांचा एकच फोटो घेतला असेल तर आधी तो मधोमध कापून दोन पाने करा आणि उजवे पान आधी लावा.

तिसरा प्रश्न भाषांतराचा. बहुतेक कार्यालये उर्दू कागदासोबत मराठी भाषांतर मागतात. दोन वेगळ्या फाइली पाठवल्या की एक कुठेतरी राहते. मूळ कागद आधी, लगेच मागे त्याचे भाषांतर, अशी जोडी एका फाइलमध्ये करा. नावाचे स्पेलिंग आधार, टीसी आणि भाषांतर या तिन्हींत एकच आहे का, हे जोडण्यापूर्वी बघा. शेख आणि शेक, मोहम्मद आणि मो., बी आणि बानो, पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

फोटोशी थेट संबंध नाही, पण जाता जाता. मदरशाची जाहीर सूचना किंवा निमंत्रण उर्दूत टाइप करून व्हॉट्सॲपवर टाकले तर अनेक मोबाइलवर ते नस्ख लिपीत दिसते आणि बुजुर्ग नाराज होतात. तोच मजकूर नस्तालीक फाँटमध्ये लिहून पीडीएफ केला तर फाँट फाइलमध्येच बांधला जातो आणि सगळ्यांना सारखाच दिसतो. गुगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत आहे.

ज्याचा फोटो काढायचाच नाही

जो कागद मुळात पीडीएफ म्हणूनच जन्माला आला, त्याची प्रिंट काढून, तिचा फोटो काढून, पुन्हा पीडीएफ करणे हा उलटा प्रवास आहे. डिजिटल सहीचा सातबारा, आपले सरकारवरून मिळालेला उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, डिजिलॉकरमधली मार्कशीट, ही फाइल आहे तशीच अपलोड करा. त्यातली डिजिटल सही फाइलच्या आत असते. फोटोत ती येत नाही, आणि फाइल दाबून लहान केली तरी ती तुटते. फारच मोठी असल्यामुळे लहान करावीच लागली तर मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. त्या सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे दाखला बोगस असे नव्हे, बहुधा तुमच्या मोबाइल-कॉम्प्युटरने ती सही अजून तपासलेली नसते. डिजिलॉकरमध्येही फरक आहे. सरकारी खात्याने तिथे दिलेला कागद मूळ कागदासमान मानला जातो, आपण स्वतः फोटो काढून तिथे चढवलेला नाही.

ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. ती तशीच अपलोड केली तर पलीकडच्या माणसाला उघडत नाही आणि अर्ज परत येतो. ती पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटमध्ये जाऊन सेव्ह ॲज पीडीएफ करा, नव्या फाइलला पासवर्ड राहत नाही. आणि जिथे चालते तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

कागद कुणाच्या हाती देतो आहोत

इंटरनेटवर मोफत पीडीएफ करून देणाऱ्या खूप वेबसाइट आहेत. तिथे फाइल तुमच्या मोबाइलवर बदलत नाही. ती आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर जाते, मग परत येते. विजेच्या बिलासाठी ठीक, पण आधार, बँक पासबुक, बहिणीच्या निकाहनाम्यासाठी नको. ॲप काम कुठे करते हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि पीडीएफ करून बघा. झाली तर काम मोबाइलवरच झाले.

कॅमस्कॅनर आपल्याकडे घरोघरी होते. २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ते होते. त्याआधी २०१९ मध्ये त्याच्या अँड्रॉइड ॲपमध्ये घातक कोड सापडल्याचे कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने उघड केले होते. अजूनही कुणी व्हॉट्सॲपवरून त्याची फाइल पाठवून 'हे टाका, चालते' म्हणतो. टाकू नका. एकूणच व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती कागद नसून ॲप आहे, नाव 'शिष्यवृत्ती यादी' असले तरी.

नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात काम करून घेतले तर उठण्यापूर्वी डेस्कटॉपवरच्या आणि डाउनलोडमधल्या आपल्या फाइली समोर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सॲप वेब लावले असेल तर आपल्या मोबाइलवरून लॉगआउट करा. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून संकोच करण्याचे कारण नाही, तो कॉम्प्युटर दिवसभर दहा जण हाताळतात.

पाठवण्यापूर्वी

तयार फाइल उघडा आणि सगळ्यात बारीक अक्षर मोठे करून वाचा: टीसीचा क्रमांक, जन्मतारीख, शिक्क्यातले शाळेचे नाव. आपल्याला वाचता आले नाही तर तपासणाऱ्यालाही येणार नाही. पाने मोजा, आडवे आलेले पान सरळ करा. गॅलरीत सरळ दिसणारा फोटो पोर्टलवर कधी आडवा होतो, कारण फोन फिरवल्याची खूण फोटोसोबत वेगळी लिहिलेली असते आणि प्रत्येक पोर्टल ती वाचत नाही. स्कॅन ॲपमधून केलेल्या पीडीएफला ही अडचण सहसा येत नाही. मग घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवून तिथे उघडते का पाहा.

फाइलचे नाव इंग्रजीत, लहान, मधे मोकळी जागा किंवा टिंब न टाकता द्या. काही पोर्टल मराठी किंवा उर्दू नावाची फाइल घेत नाहीत. प्रत्येक मुलाचे वेगळे फोल्डर करा, त्यात मूळ मोठे फोटो आणि लहान केलेल्या पीडीएफ दोन्ही ठेवा. पुढच्या वर्षी दुसरे पोर्टल दुसरी मर्यादा मागेल, तेव्हा लहान फाइलवरून मोठी करता येत नाही, मूळ फोटोवरून मात्र हव्या तेवढ्या मापाची होते. आणि अपलोड झाल्यावर पोर्टलवरच्या 'पाहा' बटणाने फाइल एकदा तिथेही उघडून बघा. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री नाही, किमान चार दिवस आधी, म्हणजे परत आलीच तर दुरुस्तीला वेळ राहतो.